चहा सांगितलाय

"घड्याळकाका आजही उठला," सोलापूरचा इरफान इतक्या दुःखाने म्हणाला, की मला वाटलं कुणीतरी गेलंच. आमच्या हॉलमधल्या लॅपटॉपातून पाच-सहा जणांची चुकचुक ऐकू आली. माझी बायको शलाका मटाराची परात बाजूला सारून पुढे सरकली.

रविवारची दुपार होती, जेवून आडवं व्हायची वेळ. पण दर रविवारी याच वेळी 'गल्ला'वाल्यांचा कट्टा भरतो. 'गल्ला' हा खेळाचं दुकान चालवायचा खेळ आहे. पडद्यावर तुम्हाला एक रिकामा गाळा मिळतो. त्यात गाड्यांची, नेमबाजीची, नाचायची यंत्रं मांडायची, टोकनचा दर ठरवायचा, दिवे-पंखे-गाणी बघायची आणि आलेलं गिऱ्हाईक जास्तीत जास्त वेळ आत टिकवायचं. आमच्या लहानपणी पोरं पार्लरमध्ये खेळायला घरून पळायची. आता मोठी माणसं पार्लर सांभाळायला घरात बसतात. हे मी एकदा बोलून दाखवलं होतं. शलाकाने नुसतं बघितलं. तेव्हापासून मी ते मनातच म्हणतो.

हल्लीच कंपनीने या खेळाची नवी पुरवणी विकायला काढली होती, 'छोटं शहर पॅक'. पैसे भरायचे आणि उतरवून घ्यायची. त्यात एसटी स्टँडसमोरचा गाळा, कॅन्टीनचं काउंटर, मधूनच जाणारी वीज आणि पंचवीस-तीस नवी गिऱ्हाइकं होती. त्यातला एक पांढऱ्या केसांचा, बस चालवायच्या यंत्रावर बसणारा. दुपारी यायचा, रंगून खेळायचा आणि दिवेलागणीला हटकून उठून जायचा. कुणी फुकट टोकनं दिली, कुणी एसी वाढवला, कुणी यंत्र खिडकीपासून लांब नेलं. तरी हा स्टिअरिंगवर अंगठ्याने दोनदा टकटक करायचा आणि चालू पडायचा. म्हणून घड्याळकाका. त्याला जो रात्रीपर्यंत बसवील त्याला दुकानासाठी सोनेरी शटर मिळणार होतं, आणि त्या शटरपायी अख्ख्या महाराष्ट्राची झोप उडाली होती.

"कोपऱ्यातली, तुम्ही सांगा ना काहीतरी," ठाण्याची ग्रीष्मा म्हणाली. 'कोपऱ्यातली' हे शलाकाचं तिथलं नाव.

"बघते," शलाका म्हणाली. बघते म्हणाली म्हणजे आता घरात दोन दिवस खिचडी, हे मी ओळखलं.

या पॅकची जाहिरातच अशी होती की यातली गिऱ्हाइकं मनाने रचलेली नाहीत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे एवढं मला समजावून सांगता येईल. याच कंपनीची खरीखुरी 'खेळघरं' गावोगाव आहेत. त्यांच्या छतात रडार बसवलेलं असतं, विमानं शोधणाऱ्या रडारचं बारकं भावंड. त्याच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या असतात. सदऱ्यातून आरपार जाऊन त्या छातीचं वरखाली होणं टिपतात, वजन कुठल्या पायावर आहे तेही टिपतात. आता गंमत अशी, की माणूस उठायचं ठरवतो त्याच्या काही क्षण आधीच त्याचं शरीर उठायच्या तयारीला लागतं. एक श्वास खोल जातो, पाठीचे स्नायू ताणतात, टाच मागे सरकते. त्या माणसाला हे कळत नाही, छताला कळतं. मलाही कळतं म्हणा, पण मला चाळीस विद्यार्थ्यांच्या बाबतीत एकदम कळतं आणि त्याचा उपयोग काही होत नाही.

अशी महिनोन्महिन्यांची टिपणं एकत्र केली की त्या माणसाची एक छाया तयार होते. तो कशाने रमतो, कशाने वैतागतो, केव्हा उठतो, सगळं त्यात येतं. खेळात त्या छायेला दुसराच चेहरा आणि दुसराच सदरा चढवतात. फोटो नाही, नाव नाही, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

घड्याळकाकांवरचा तोडगा निघाला तो माझ्या फजितीतून. त्या बुधवारी मी शेजारच्या दामल्यांकडे शिडी परत करायला गेलो आणि दोन तासांनी आलो.

"शिडीवर बसला होतास का?" शलाकाने विचारलं.

"अगं, निघालोच होतो. तेवढ्यात ते आत ओरडले, चहा टाक गं. मग कसं उठणार? वहिनी नेमक्या दूध आणायला गेलेल्या. त्या येईपर्यंत मी त्यांच्या गुडघ्याचे तिन्ही एक्स-रे बघितले."

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, पण बघत होती ती माझ्या पलीकडे. मग उठून लॅपटॉपकडे गेली.

फुकट टोकन नाकारता येतं, पण सांगितलेला चहा टाकून उठता येत नाही. समोरच्याने आपल्यासाठी चहा सांगितला आणि आपण निघालो, तर तो त्याचा अपमान होतो, निदान आपल्याला तसं शिकवलेलं आहे. शलाकाने खेळातल्या कॅन्टीनची एक मुलगी काकांजवळ उभी केली. श्वास खोल गेला रे गेला, की तिने म्हणायचं, "काका, तुमच्यासाठी चहा सांगितलाय." आणि चहा आणायचाच नाही. फारच चुळबुळ झाली तर पुन्हा म्हणायचं, "येतोच आहे, उकळतोय."

काकांनी टकटक केली, अर्धवट उठले आणि बसले. पुन्हा बस चालवू लागले. पडद्यावरच्या खिडकीत अंधार पडला तरी काका बसलेलेच. सोनेरी शटर खडखडत खाली आलं तेव्हा शलाका सोफ्यावर उभी राहून नाचली. पुढच्या रविवारी कट्ट्यावर तिचा जयजयकार झाला. इरफान म्हणाला, "ताई, तुम्ही माणूस नाही, जादूगार आहात." मी आतून ओरडलो की कल्पना माझ्या शिडीची आहे. कुणी लक्ष दिलं नाही.

इथे शलाकाच्या माहेरचं सांगायला हवं. तिचे वडील, मारुती चौगुले, मिरजेच्या एसटी स्टँडवर आधी कंडक्टर आणि नंतर वाहतूक नियंत्रक होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शालन. गेल्या उन्हाळ्यात आईंना झटका आला. हातपाय वाचले, पण बोलणं गेलं. डोक्यात शब्द असायचा, तोंडात यायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, पहिले काही महिने मेंदू जोमाने नव्या वाटा शोधतो, तेवढ्यात रोज सराव झाला पाहिजे. पण आई पडल्या मानी. परक्यासमोर, अगदी शिकवायला येणाऱ्या बाईंसमोरही, त्या तोंड उघडायच्या नाहीत. बोलायच्या फक्त अप्पांसमोर, तेही दिवेलागणीला, दुपारची झोप झाल्यावर. अप्पांनी युक्ती काढली होती. ते स्टँडवरच्यासारखी घोषणा करायचे, "मिरजेहून सांगलीमार्गे कोल्हापूरला जाणारी..." आणि थांबायचे. आई जोर लावायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "गाडी." अप्पांनी फोन करून आम्हाला तो शब्द ऐकवला, तेव्हा शलाका ढसाढसा रडली होती.

सोनेरी शटर मिळून महिना झाला असेल. शलाकाने संध्याकाळी माहेरी व्हिडिओ लावला, तर पडद्यावर नुसता काळोख. मग त्यात हललं काहीतरी.

"आई? दिवा लावला नाहीस? अप्पा कुठायत?"

आईंचं तोंड हललं. शब्द आला नाही. त्यांनी दाराकडे हात केला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शलाकाने "मिरजेहून सांगलीमार्गे..." असं म्हणून बघितलं. आईंनी जोर लावला, डोळे भरून आले, आणि 'गाडी'सुद्धा आलं नाही. आम्ही शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

अप्पा सकाळी आंघोळ करून पेपर वाचत बसलेले. आम्हाला बघून खूश झाले आणि लगेच ओशाळले. "आलासा व्हय पाव्हणं? कळवायचं न्हाई व्हय?"

"अप्पा, संध्याकाळी कुठं असता तुम्ही?" शलाकाने चप्पलही काढली नव्हती.

"आगं, ते खेळघर न्हाई का निघालंय स्टँडसमोर? म्हाताऱ्यास्नी दुपारचं स्वस्तात असतंय. तितं बस हाय चालवायची. जन्मभर सोडल्या गाड्या, चालवायला कवा मिळाली?" अप्पा गोड हसले. "आन् मी वेळेत निघतोय की. निघतोच. पर ती पोरगी लई गुणी. निघालो की म्हणती, काका, चहा सांगिटलाय. आता सांगिटलेला चहा टाकून कसं यायचं, तूच सांग."

अप्पांनी पेपर घडी करून ठेवला, खुर्चीच्या हातावर अंगठ्याने दोनदा टकटक केली आणि आंब्याला पाणी घालायला उठले. कंडक्टर गाडी सोडताना दोनदा घंटी मारतो, ती ही डबल बेल. नोकरी सुटली तरी अप्पांची ती सवय सुटली नव्हती. शलाका जन्मापासून हे बघत आली होती, म्हणूनच तिने ते कधी बघितलं नव्हतं. आता ती खालीच बसली, उंबऱ्यावर.

"मीच," ती मला म्हणाली. "मीच बसवलंय त्यांना."

मग मी फोनवर त्या पॅकच्या अटी शोधून वाचल्या, ज्या विकत घेताना कुणीच वाचत नाही. सगळं सरळ लिहिलेलं होतं. माणूस कशाने उठतो ते छताला कळतं, पण त्याला पुन्हा कशाने बसवायचं ते यंत्राला सुचत नाही. त्याला माणूस लागतो, तो तिथलाच लागतो, तिथल्या भिडेत वाढलेला. असे हुशार लोक नोकरीला ठेवायचे तर पगार द्यावा लागेल. त्यापेक्षा त्यांना खेळ विकला की तेच पैसे देतात आणि रविवारी दुपारी बसून हौसेने डोकं लढवतात. पडद्यावर जे सगळ्यात चांगलं चालतं ते खऱ्या खेळघरात लावायचं. कंपनीने काही लपवलं नव्हतं. चीड आली ती त्याचीच जास्त.

संध्याकाळी आम्ही दोघं अप्पांना आणायला गेलो. आत नुसता गलका. अप्पा बसच्या यंत्रात बसून घाट चढवत होते. शेजारी गुलाबी टोपी घातलेली एक मुलगी उभी होती, खरंच गुणी दिसणारी.

"अप्पा, चला. आई वाट बघतेय."

"आलोच. या की पाव्हणं, बसा. तुमालाबी चहा सांगिटलाय."

आणि मी बसलो! सासरा जावयाला चहाला बस म्हणाल्यावर उभं कसं राहणार? शलाकाने माझ्याकडे असं बघितलं की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अप्पा, तो चहा येणारच नाही! ही युक्ती आहे. मला माहीत आहे, मीच काढलीय ती!" ती मोठ्याने म्हणाली. आजूबाजूचे म्हातारे वळून बघू लागले. ती मुलगी बावरली. तिला बिचारीला कानातल्या यंत्रातून जे सांगतात ते ती बोलत होती.

अप्पांचा चेहरा पडला. "चारचौघांत वरडू नगंस. त्या पोरीनं इचारलं एवढं मायेनं, आन् मी पाठ फिरवू? तू घरला जा. मी येतो चहा घिऊन." आणि ते जिद्दीने बसून राहिले. आम्ही दोघंच परत आलो. ते आले तेव्हा आई झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

रविवारी शलाका आईंपुढे बसली आणि सगळं सांगितलं, खेळ, छत, चहा, सगळं. बोलता येत नसलं तरी आईंना समजत सगळं होतं. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, चांगली साडी नेसल्या, आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दुखण्यानंतर देवळातसुद्धा गेल्या नव्हत्या, कुणी बोलायला लावील म्हणून.

रिक्षाने आम्ही तिघं खेळघरापाशी आलो. आई दारातच थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही. दिव्यांची उघडझाप त्यांच्या चेहऱ्यावर होत होती. अप्पांनी आरशात बघितलं, बसच्या आरशात, आणि वळले.

"तू? तू कशाला आलीस एवढ्या गलक्यात? ये, बस हितं. चहा सांगिटलाय."

आईंचा जबडा हलू लागला. गळ्याची शीर ताठ झाली. शलाकाने माझं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहे. सगळी यंत्रं किणकिणत होती आणि आई दारात उभ्या राहून एक शब्द ओढून काढत होत्या.

"उ... ठा."

अप्पांनी स्टिअरिंगवर दोनदा टकटक केली. मुलगी म्हणाली, "काका, चहा येतोच आहे." अप्पा म्हणाले, "तूच पी, पोरी," आणि चालत दाराशी आले. आईंचा हात धरून खाली उतरताना घोषणा करावी तशा आवाजात ते म्हणाले, "मिरजेहून घराकडं जाणारी..." आणि आई रिक्षाकडे बघत म्हणाल्या, "गाडी."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगायच्या फंदात पडलो नसतो.

अप्पांनी खेळघर सोडलं नाही. बसची गोडी लागली होती. पण आई रोज दिवेलागणीला दारात, त्याच छताच्या टप्प्यात, येऊन उभ्या राहू लागल्या, उठा म्हणू लागल्या. त्या जाण्यायेण्यात रोज एखादा नवा शब्द सापडायचा. एकदा 'पायरी', एकदा 'मांजर'. फोन यायचे. आमच्या घरातही हसू परत आलं. शलाकाने 'गल्ला' उघडलाच नव्हता.

मग गेल्या रविवारी कट्ट्यावरून तिला हाक आली. तिने नुसतं ऐकायचं म्हणून लॅपटॉप उघडला. मी चहा ठेवायला आत गेलो.

"ताई, नवी भर आली बघा छोट्या शहराला," इरफान सांगत होता. "फुकट दिलीय. 'दारातली बाई' नाव आहे. घड्याळकाका चहाने बसलेला असतो ना, ही दारात येते, एकच शब्द बोलते आणि तो उठतो. चहा फेल! हिला जो थांबवील त्याला चांदीचं काउंटर."

"मी दारात गर्दी लावून बघितली," ग्रीष्मा म्हणाली. "ढकलत येते. खुर्ची दिली, बसत नाही. हिलाही चहा सांगितला, ढिम्म. कोपऱ्यातली, तुम्हाला सुचेल. तुम्हाला माणसं कळतात."

मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो. शलाकाचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती माझी आई आहे," ती म्हणाली.

इरफानने बहुतेक काहीतरी खाली ठेवलं, तेवढाच आवाज आला. मग ग्रीष्मा हळूच, खरोखर निरागसपणे म्हणाली, "अय्या, म्हणजे ती कशाला बिचकते ते तुम्हाला माहीतच असेल."

"ग्रीष्मा, गप बस गं," इरफान म्हणाला. पण तिथे नुसता इरफान नव्हता. ऐकणाऱ्यांचा आकडा कोपऱ्यात वाढत होता.

शलाकाने लॅपटॉप तसाच सोडला आणि आत येऊन पिशवी भरायला लागली. मी मागे गेलो.

"कुठे?"

"मिरजेला. आई कशाने मागे फिरेल ते मला माहितीय. कुणीतरी दारात आदराने विचारायचं, काकू, आपलं नाव काय? बास. तिला स्वतःचं नाव अजून येत नाही. परक्याने विचारलं की ती मरेल लाजेने, पुन्हा घराबाहेर पडणार नाही." ती साडी कोंबत होती, ब्लाउज विसरत होती. "त्यांना सुचायच्या आत तिला नाव आलं पाहिजे."

"आणि त्यांना दुसरं काही सुचलं तर?"

"तर ते शिकवीन. मग तिसरं." तिने चेन ओढली, ती अडकली. पिशवी तशीच उघडी खांद्यावर टाकून ती दाराशी गेली.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं थांब, चहा टाकलाय."

ती वळली. क्षणभर, शपथेवर सांगतो, तिची टाच पुन्हा घराच्या बाजूला सरकली. मग ती जिना उतरून गेली.

मी हॉलमध्ये उभा होतो. लॅपटॉपातून कुणीतरी नवीनच, कोवळा आवाज, विचारत होता, "एक मिनिट, हिला कुणी नाव विचारून बघितलंय का?"

मी गॅस बंद केला आणि चपला हातात घेऊनच तिच्या मागे पळालो. दोघांचा चहा पातेल्यात तसाच राहिला.